फोर बाय फोर लागत नाही? ट्रान्सफर केस सगळ्यात शेवटी उघडा

फोर बाय फोरचा लिव्हर ओढला आणि डॅशबोर्डवरचा दिवा स्थिर न होता नुसता लुकलुकत राहिला, की बहुतेकांना ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी) गेल्याची धास्ती बसते. अनेक गॅरेजांतही पहिला हात तिथेच पडतो. खरं तर ट्रान्सफर केस हा या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत दणकट भाग आहे. बिघाड बहुधा तिच्या बाहेर असतो: चिरलेली व्हॅक्यूम नळी (हवेच्या ओढीवर जोड चालवणारी), गंजलेला कनेक्टर, अडकलेला हब (चाकाच्या मध्यावरचा भाग), पाणी शिरलेलं ऑइल किंवा कमीजास्त झिजलेले टायर. म्हणून तपासणी बाहेरून आत आणि स्वस्त भागाकडून महाग भागाकडे न्यावी.

हा लेख पार्ट-टाइम, म्हणजे चालकाने हवं तेव्हा लावायच्या, फोर बाय फोरबद्दल आहे. जिप्सी, थार, गुरखा, जिम्नी, फॉर्च्युनर या गाड्यांमध्ये थोड्याफार फरकाने हीच पद्धत असते. शहरी एसयूव्हींमधली ऑल-व्हील ड्राइव्ह वेगळी. तिथे क्लच प्लेट्सचा गठ्ठा गरजेपुरताच जोर दुसऱ्या एक्सलकडे (चाकांच्या जोडीच्या आसाकडे) पाठवतो. त्या गाड्यांना इथल्या चाचण्या जशाच्या तशा लावू नका.

जोर चाकापर्यंत पोचतो कसा

गिअरबॉक्समधून निघालेला जोर ट्रान्सफर केसमध्ये येतो. टू-हायमध्ये, म्हणजे नेहमीच्या दोन चाकांच्या चालीत, तो फक्त मागच्या प्रॉपेलर शाफ्टला (एक्सलकडे जाणाऱ्या लांब दांड्याला) मिळतो. फोर-हाय लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जखडले जातात. दोघांच्या मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरजोडणी) नसतं, त्यामुळे दोन्ही शाफ्टना एकाच वेगाने फिरावं लागतं. फोर-लोमध्ये जोडणी तीच राहते, पण गिअर वेग आणखी कमी करून जोर वाढवतात. १३०० सीसी जिप्सीच्या ट्रान्सफर केसचं गुणोत्तर हायमध्ये १.४०९ आहे आणि लोमध्ये २.२६८. म्हणजे त्याच गिअरमध्ये, तेवढ्याच आरपीएमला चाकावर दीडपटीहून जास्त जोर मिळतो आणि वेग त्याच प्रमाणात उतरतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण अर्धी तपासणी तिच्यावरच उभी आहे. ट्रान्सफर केसने जोर पुढे पाठवला तरी तो लगेच चाकात पोचत नाही. टू-हायमध्ये धावताना पुढचे शाफ्ट उगाच फिरू नयेत म्हणून वाटेत आणखी एक जोड सोडवून ठेवलेला असतो. जिप्सीसारख्या जुन्या धाटणीच्या गाडीत तो हबवर असतो आणि चकती हाताने ‘फ्री’वरून ‘लॉक’वर फिरवावी लागते. जिम्नीत हेच काम व्हॅक्यूमवर चालणारे हब करतात. फॉर्च्युनरमध्ये पुढच्या डिफरन्शियलजवळची विजेची मोटर एका बाजूचा शाफ्ट जोडते आणि सोडते. काही गाड्यांत तिथे मोटरऐवजी व्हॅक्यूमचा डायफ्रॅम (हवेच्या ओढीने हलणारा पडदा) असतो. दिवा लुकलुकतो तेव्हा बऱ्याचदा ट्रान्सफर केसने आपलं काम केलेलं असतं आणि गाडी या शेवटच्या जोडाची वाट पाहत असते.

ज्या तक्रारी बिघाड नसतात

फोर-हायमध्ये डांबरी रस्त्यावर वळताना स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते, टायर कुरकुरतात. हा बिघाड नाही, ही भूमिती आहे. वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात. थारचा व्हीलबेस २.४५ मीटर आहे. घाटातल्या आखूड वळणावर मागच्या एक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येने फिरत असेल, तर पुढच्या एक्सलचा मध्य साधारण ५.५७ मीटर त्रिज्येने फिरतो. म्हणजे पुढच्या चाकांना ११ टक्के जास्त अंतर कापायचं असतं आणि ट्रान्सफर केस दोघांना सारख्याच फेऱ्या देत असते. माती, वाळू, चिखल असेल तर एखादं चाक थोडं घसरून हिशोब जुळवतं. डांबर घसरू देत नाही, मग तो ताण शाफ्ट, गिअर आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकाचे सांधे) यांच्यात पीळ होऊन साठतो.

पावसात ताम्हिणी किंवा आंबेनळी घाट चढताना सुरक्षित वाटतं म्हणून फोर-हाय लावून ठेवणारे बरेच आहेत. ओलं डांबर हेही डांबरच. त्याची पकड पीळ पडायला पुरेशी असते, आणि आखूड वळणांवर तर नक्कीच. रस्त्यावर चिखल वाहून आला असेल तेवढ्या पट्ट्यापुरतं फोर-हाय लावा आणि डांबर दिसलं की काढा.

असा पीळ साठला की लिव्हर टू-हायमध्ये परत येत नाही, आणि आला तरी दिवा विझत नाही. लिव्हरवर जोर लावू नका. जागा मोकळी असेल तर गाडी सरळ रेषेत ५ ते १० मीटर हळू मागे घ्या. पीळ सुटतो आणि लिव्हर बोटाने सरकतो. जॅक लावून चाक उचलूनही पीळ सुटतो, पण तेव्हा ते चाक झटक्यात फिरतं आणि गाडी जॅकवरून हलू शकते. म्हणून हा उपाय रस्त्यावर नकोच.

दुसरी नेहमीची तक्रार अशी: ‘फोर बाय फोर लावलंय, तरी पुढचं एक आणि मागचं एक अशी दोनच चाकं फिरतात.’ हेसुद्धा यंत्रणा चालू असल्याचंच लक्षण आहे. एका एक्सलच्या दोन चाकांमध्ये साधं डिफरन्शियल असतं आणि ते हलक्या पडलेल्या चाकाला फिरू देतं. खड्ड्यात तिरकी अडकलेली गाडी एकमेकांच्या तिरक्या कोपऱ्यांतली चाकं फिरवते ती यामुळेच. यावर उपाय म्हणजे डिफ लॉक, म्हणजे डिफरन्शियल जखडून दोन्ही चाकं एकत्र फिरवणं. गुरखात पुढचा आणि मागचा असे दोन्ही लॉक चालक स्वतः लावतो. थारच्या ज्या मॉडेलांत मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आहे, तिथे दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो आपोआप लागतो. लागताना ‘ठक्’ असा आवाज येतो. काही तुटलं असं समजून लोक नेमका त्याच क्षणी ॲक्सिलरेटर सोडतात आणि गाडी पुन्हा बसते. पाय स्थिर ठेवा, जोर दुसऱ्या चाकाकडे जाईल.

गाडीखाली जाण्याआधी

चारही टायर एकाच मापाचे, शक्यतो एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले हवेत. २५५/६५ आर१८ या टायरचा नवा परीघ सुमारे २,४७८ मिमी असतो. मागचे दोन टायर ६ मिमी झिजले असतील, तर त्यांचा परीघ कागदावर २,४४० मिमीवर येतो. दर किलोमीटरला पुढच्या आणि मागच्या चाकांत ६ फेऱ्यांचा फरक पडतो, तोही सरळ रस्त्यावर. दोन टायर नवे आणि दोन जुने असलेली गाडी टू-हायला परत येत नाही म्हणून उघडली जाते आणि आत काहीच सापडत नाही. टायर दर ८ ते १० हजार किमीला पुढे-मागे बदलत राहा आणि हवेचा दाब पुस्तकात दिल्याप्रमाणे ठेवा.

मग बॅटरी, फ्यूज आणि कनेक्टर बघा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीत १२.४ व्होल्टपेक्षा कमी भरत असेल, तर आधी बॅटरीचा बंदोबस्त करा. पुढच्या एक्सलजवळचे कनेक्टर सोडून पाहा. कोकणात खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. तो कॉन्टॅक्ट क्लीनरने काढून वर पातळ डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. नुसत्या एवढ्याने जागे झालेले दिवे कमी नाहीत.

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या गाडीत सर्वांत संशयित भाग म्हणजे रबरी नळ्या. इंजिनच्या उष्णतेने त्या कडक होतात, टोकाशी चिरतात, आणि पावसाळ्यात बॉनेटखाली आसऱ्याला आलेले उंदीर त्या कुरतडतात. हातपंपाने तपासणी दहा मिनिटांत होते. हबकडे किंवा डायफ्रॅमकडे जाणारी नळी सोलेनॉइड व्हॉल्व्हपाशी (विजेने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेपाशी) सोडवा, पंप जोडा आणि पाऱ्याच्या १५ इंचांपर्यंत ओढा. काटा अर्धा मिनिट जागचा हलला नाही तर पुढचा मार्ग ठीक आहे. काटा घसरला तर पंप पुढच्या एकेका जोडापाशी लावत पुन्हा ओढा, गळती नेमकी कुठे आहे ते कळेल. काटा स्थिर आणि तरीही जोडणी नाही, असं असेल तर सोलेनॉइडला वीज मिळते का ते मल्टिमीटरने पाहा.

लडाखला जाणाऱ्यांनी यात एक भर घालावी. उंचीमुळे हवेचा दाब कमी होतो आणि पेट्रोल इंजिनचा व्हॅक्यूम दर हजार फुटांना साधारण एक इंचाने उतरतो. समुद्रसपाटीला थोडी गळती सोसणारी यंत्रणा लेहच्या साडेअकरा हजार फुटांवर काम करेनाशी होते. तिकडे निघण्याआधी नळ्या बदलून घ्या.

जॅकवरची एक चाचणी, तीन उत्तरं

ही चाचणी नीट केली तर बिघाड ट्रान्सफर केसमध्ये आहे, मधल्या जोडात आहे की हबमध्ये, ते काहीही न उघडता कळतं.

मातीच्या सरळ रस्त्यावर फोर-हाय लावून गाडी १५-२० मीटर पुढे न्या. मग कडक, सपाट जागी थांबून इंजिन बंद करा आणि पहिला गिअर टाका. मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ओट लावा. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकवर ठेवू नका. इंजिन बंद पडताच ज्या गाडीचा व्हॅक्यूमचा जोड सुटतो, तिथे हातपंपाने तो धरून ठेवावा लागेल.

आता एक पुढचं चाक हाताने फिरवा. सगळं ठीक असेल तर दुसरं चाक उलट दिशेने फिरेल, कारण प्रॉपेलर शाफ्ट जखडलेला आहे. चाकाबरोबर पुढचा प्रॉपेलर शाफ्टच गरगर फिरू लागला तर ट्रान्सफर केसमध्ये फोर-हाय लागलेलं नाही. केस उघडण्याआधी लिव्हरची सांधेजोड किंवा केबल आणि (बटणाच्या गाडीत) फोर बाय फोर लावणारी शिफ्ट मोटर बघा. चाक फिरतं पण त्याला जोडलेला हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा) जागचा हलत नाही, तर त्या बाजूचा हब लागलेला नाही. चाक आणि त्याचा शाफ्ट दोन्ही फिरतात, दुसऱ्या बाजूचा शाफ्ट मात्र ढिम्म असतो, तर एक्सलमधला जोड सुटलेला आहे. जिप्सीच्या बंद स्टिअरिंग नकलमध्ये (चाक ज्यावर वळतं त्या सांध्यात) शाफ्ट दिसत नाही. तिथे एकेका बाजूचा हब आलटून पालटून लॉक-फ्री करून तेच उत्तर काढावं लागतं.

चार गोष्टी जिवाशी गाठ असलेल्या आहेत. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल तर गाडी गिअरमध्ये किंवा ‘पी’मध्ये असूनही घरंगळते, तेव्हा फक्त हँडब्रेक तिला धरतो. पुढची चाकं हवेत आणि फोर-हाय लागलेलं असताना इंजिन कधीही सुरू करू नका, मागची चाकं गाडी स्टँडवरून ढकलून देतील. ब्रेक तपासायच्या रोलरवर गाडी चढवताना टू-हाय लावलंय याची खात्री करा. आणि बंद पडलेली गाडी दोन चाकं उचलून ओढत नेण्यापेक्षा सपाट ट्रकवरून न्या.

हब अडकला असेल तर तो बहुतेक वेळा फक्त सुकलेला असतो. बाहेरचे बोल्ट काढा, आतलं चिकट ग्रीस डिझेलने धुवा, पूर्ण कोरडं करा आणि नवं ग्रीस अगदी पातळ लावा. ग्रीस ठासून भरलं की थंडीत सरकणारी रिंग त्यातच रुतते. कागदी गॅस्केट किंवा ओ-रिंग नवीच बसवा.

आवाजावरून काय समजायचं

गाडी जागेवरून हलताना किंवा गिअर बदलताना ‘टक्’ आवाज आला, की प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस तपासा. गाडीखाली जाऊन जोडाच्या दोन्ही बाजू दोन हातांनी धरून उलटसुलट पिळा. जराही खेळ असता कामा नये. क्रॉसच्या टोपीभोवती लालसर भुकटी दिसली, तर आतलं ग्रीस संपून सुया गंजल्या आहेत. तिथे ग्रीस मारून काही उपयोग नाही, क्रॉस बदलावा लागतो. शाफ्ट काढण्याआधी फ्लँज आणि सरकता जोड यांच्यावर रंगाने खुणा करा. सरकता जोड एका दातानेही फिरून बसला, तर दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत राहत नाहीत आणि वेगात थरथर सुरू होते. मग लोक बिनदिक्कत चाकांचं बॅलन्सिंग करत बसतात.

स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ‘कट्-कट्-कट्’ आलं तर तो सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही जोर पोचवणारा सांधा). त्याचा रबरी बूट फाटला की ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसतं. आवाज सुरू होण्याआधी बूट बदलला तर खर्च बूट आणि ग्रीसपुरता राहतो. चिखल आत गेला की आख्खा जॉइंट जातो.

घों-घों आवाज ॲक्सिलरेटर दाबल्या-सोडल्यावर बदलत असेल तर क्राउन-पिनियनकडे (डिफरन्शियलमधल्या मुख्य गिअरजोडीकडे) पाहा. तो फक्त वेगाबरोबर वाढत असेल आणि गाडी डावी-उजवीकडे झुकवल्यावर बदलत असेल तर व्हील बेअरिंग. क्राउन-पिनियनमधला बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) साधारण ०.१ ते ०.२ मिमी ठेवायचा असतो. तो डायल गेज आणि शिमशिवाय (पातळ चकत्यांशिवाय) जमत नाही. अंदाजाने आवळणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

ऑइल, ब्रीदर आणि पाणी

सह्याद्रीत चालणाऱ्या गाड्यांचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं, आणि ते समोर दिसत नाही.

तासभर चाललेल्या गाडीचा एक्सल तापलेला असतो. समजा आतली हवा ८० अंशांवर आहे आणि गाडी ओढ्यात उतरून ती ३० अंशांपर्यंत निवली. आतला दाब सुमारे १४ टक्क्यांनी पडतो आणि एक्सल हवा ओढू लागतो. वर बसवलेला छोटा ब्रीदर (हवा आत-बाहेर सोडणारं तोंड) मोकळा आणि पाण्याबाहेर असेल तर तिथून हवा आत येते. तो चिखलाने बुजला असेल, तर ऑइल सीलच्या ओठातून पाणी आत येतं. सील ऑइल बाहेर जाऊ नये म्हणून घडवलेलं असतं, बाहेरून आत येणारं पाणी रोखण्यात ते तितकं तरबेज नसतं. म्हणून पाण्यात उतरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं थांबून एक्सल निवू द्या. ब्रीदरची टोपी बोटाने फिरते का, वरखाली हलते का ते पाहा. पाण्यात वरचेवर जात असाल, तर ब्रीदरना नळी जोडून ती बॉनेटखाली उंच न्या आणि तोंड खालच्या बाजूला वळवा.

पाणी शिरलंय का ते ओळखायची सोपी रीत आहे. गाडी रात्रभर उभी ठेवा. गिअर ऑइलपेक्षा पाणी जड, ते तळाशी बसतं. सकाळी ड्रेन प्लग अगदी थोडा सैल करा. पहिले थेंब पाण्याचे आले तर उत्तर मिळालं. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर पाणी आधीच घुसळलं गेलं आहे. सगळं काढा, योग्य ग्रेडचं साधं ऑइल भरा, २०-३० किमी चालवा, तेही काढा आणि मग चांगलं ऑइल भरा. एका खेपेत सगळं पाणी निघत नाही.

ऑइल बदलताना आधी भरायचा प्लग उघडा, मगच काढायचा. भरायचा प्लग गंजून बसलेला निघाला आणि ऑइल आधीच काढून टाकलं असेल, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. गाडी ८-१० किमी चालवून गरम करा आणि सपाट जागी उभी करा. ऑइल भरायच्या छिद्रातून ओघळेपर्यंत भरा आणि वॉशर नवे घाला. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असेल तर ती रोजची झीज आहे. नखाला टोचणारा तुकडा सापडला तर ऑइल न भरता थांबा.

ग्रेड पुस्तकातूनच घ्या. डिफरन्शियलला साधारणपणे जीएल-५ (गिअर ऑइलचा एक दर्जा) लागतं. पितळी सिंक्रो रिंग (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या कड्या) असलेल्या अनेक गिअरबॉक्सना जीएल-४ लागतं, कारण जीएल-५ मधली काही रसायनं पितळ खातात. ट्रान्सफर केसमध्ये कुठे गिअर ऑइल असतं, कुठे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ लाल ऑइल. अंदाज बांधून भरू नका. मात्राही जपा. जिप्सीच्या ट्रान्सफर केसमध्ये जेमतेम ८०० मिलिलिटर ऑइल मावतं. ‘जरासं गळतंय’ म्हणून २०० मिलिलिटर गेलं, तर चौथा हिस्सा गेला. ओढे-नाले पार करणाऱ्या गाडीचं ऑइल किलोमीटर मोजत बसण्यापेक्षा दरवर्षी पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास तपासलेलं बरं.

वापराविना अडकणारी यंत्रणा

बटणाने लागणाऱ्या फोर बाय फोरमध्ये शिफ्ट मोटर वर्षभर हलली नाही तर तिचे दाते आणि आतला स्थितिदर्शक सेन्सर अडकतो. बटण फिरवताना मोटरच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीइतकं येत असूनही मोटर गप्प असेल तर मोटर दोषी. व्होल्टेजच येत नसेल तर स्विच, रिले, वायरिंग. स्कॅनरवर कोड वाचल्याशिवाय मोटर विकत घेऊ नका. महिन्यातून एकदा १५-१६ किमी मातीच्या रस्त्यावर फोर-हायमध्ये चाला. हब, मोटर, डायफ्रॅम आणि पुढच्या एक्सलचे सील, सगळ्यांना ऑइल आणि हालचाल मिळते. फोर-लो लावून पाहताना मात्र गाडी थांबवून, क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये आणूनच लावा.

एवढं सगळं तपासून झाल्यावरही फोर-लो चढावर सुटत असेल, जोर आल्यावर आतून साखळी दातांवरून उड्या मारल्यासारखी कडकड येत असेल किंवा चुंबकावर तुकडे सापडले असतील, तर मात्र ट्रान्सफर केस खाली घ्या. साखळी ताणलेली निघाली तर तिच्याबरोबर दोन्ही चक्रंही बदला, झिजलेल्या दातांवर नवी साखळी लवकरच ताणते. शिफ्ट फोर्कची (आतले गिअर सरकवणाऱ्या काट्याची) टोकं, बेअरिंग आणि सगळे सील त्याच वेळी पाहून घ्या. जोडणीनंतर पहिल्या ५०० किमीला ऑइल काढून चुंबक पुन्हा एकदा बघा.